कडू कारीट

सणासुदीला कडू बोलू नये म्हणतात. पण कारीट फोडल्यावाचून आपली दिवाळी तरी कुठे सुरू होते?

शाळेत निबंध ठरलेला: 'माझा आवडता सण'. उत्तरही ठरलेले, दिवाळी. नर्मदाकाठच्या मणिबेलीतल्या भिल्लाच्या पोराला विचाराल तर ते होळी म्हणेल. त्याच अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी रात्रभर ढोलावर जागते आणि पहाटे पेटते. मग त्याला गुण किती द्यायचे?

'त्यांना प्रवाहात आणा' असे आपण उठता-बसता म्हणतो. अहो, त्यांचा प्रवाह तर आपणच अडवला! सरदार सरोवराच्या पाण्यात १९९३ साली मणिबेली बुडाली. महाराष्ट्रातले ते पहिले गाव. त्याच काठावर नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा काढल्या. तेथे पोराची बोली हा गुन्हा नव्हता. तिचेच बोट धरून ते मराठीत आले. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही 'शक्य तेथवर' मातृभाषेतून शिकवा म्हणतो. शक्य तेथवर! केवढी सोय! आणि शिकायचे ते त्यांनीच, हे कोणी ठरवले?

दोष कोणाला देऊ? मी स्वतः वीस वर्षे अध्यापक विद्यालयात मास्तर घडवले. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहून दिले. डोंगरात निघालेल्या एकालाही भिलोरीचे चार शब्द दिले नाहीत. याहामोगी माता कोण, हे मलाच निवृत्तीनंतर कळले. एकाचे पत्र आले होते, "सर, मुले गप्प बसतात." मी उलट टपाली कळवले, "बोलती करा."

कोणत्या भाषेत, हे त्याने विचारले नाही.