गाडी लागते तेव्हा पुस्तक मिटावे

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावर भनपुरीची औद्योगिक वसाहत आहे. या परिसरात नोकरी-व्यवसायानिमित्त स्थिरावलेली मराठी कुटुंबे सणासुदीला नागपूरकडे निघतात, तेव्हा दुर्ग, राजनांदगाव, साकोली, भंडारा असा सुमारे ३०० किलोमीटरांचा रस्ता त्यांच्यापुढे असतो. 'एवढा वेळ वाया घालवू नये, काहीतरी वाचावे,' हा वडीलधाऱ्यांचा उपदेश अशा वेळी हमखास कानी पडतो. उपदेशामागील हेतू चांगला आहे. तथापि तो सरसकट सर्वांना लागू करणे अन्यायाचे आहे.

चार पाने वाचताच कोणाला मळमळते, कपाळावर घाम येतो आणि पुढे ओकारीही होते. मराठीत याला 'गाडी लागणे' म्हणतात. ऊन लागावे, तशी गाडी लागते. म्हणजे त्रास बाहेरून येतो, त्यात माणसाचा दोष नसतो, हे भाषेने केव्हाच ओळखले आहे. तरीही घरोघरी अशा मुलाला 'नाजूक' ठरवले जाते, किंवा 'हे मनाचे खेळ आहेत' असे सांगून गप्प केले जाते.

वस्तुतः हा खेळ कानाचा आहे. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. गाडी वळली की तो हलतो आणि शरीर वळत असल्याची वार्ता मेंदूस पोहोचते. गचके आणि वेगातील चढउतार टिपणारी इंद्रियेही तेथेच असतात. पुस्तकावर खिळलेले डोळे मात्र 'सर्व काही स्थिर आहे' अशी ग्वाही देतात. या दोन साक्षींच्या विसंगतीतून मळमळ उद्भवते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १८८२ मध्ये विल्यम जेम्स यांनी काही कर्णबधिरांना बोट लागत नसल्याचे नोंदवून कानाची ही भूमिका पुढे आणली. अशी विसंगती विषबाधेचे लक्षण समजून मेंदू पोट रिकामे करण्याची आज्ञा देत असावा, असा तर्क १९७७ मध्ये मिशेल ट्रीझमन यांनी मांडला.

हे ध्यानी घेतले की उपायही उमगतात. सुमारे पाच सेकंदांत एक असे संथ हेलकावे सर्वाधिक बाधतात. म्हणून रुळांवरून सरळ जाणाऱ्या आगगाडीत अनेकांना वाचता येते, आणि वळणावळणांच्या रस्त्यावरील बसमध्ये नाही. पुढचे वळण आधीच ठाऊक असल्याने चालकाला गाडी क्वचितच लागते. प्रवाशानेही पुढच्या बाजूस बसून दूरवर दृष्टी ठेवावी. २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. त्यांच्या हाती पुस्तक देण्यापेक्षा त्यांना खिडकीबाहेरची शेते दाखवावीत. औषध वैद्यकीय सल्ल्यानेच आणि प्रवासापूर्वी घ्यावे; बहुतेक औषधांनी झोप येते, म्हणून वाहन चालवणाऱ्याने ती टाळावीत.

आज पुस्तकाची जागा मोबाइलने घेतली आहे; त्रास तोच आहे. तपासणीसाठी निघालेला अधिकारी जीपमध्येच कागद चाळतो, ग्राहक धावत्या बसमधून पैसे पाठवतो. डोके गरगरत असताना खाते क्रमांकातील एखादा आकडा चुकला, तर वाचवलेल्या पाच मिनिटांची भरपाई पाच दिवसांच्या धावपळीने करावी लागते. असे काम गाडी थांबल्यावरच करणे शहाणपणाचे.

वाचनाचे महत्त्व याने उणावत नाही. ज्याला गाडीत वाचता येते त्याने अवश्य वाचावे. ज्याला येत नाही त्याला ध्वनिमुद्रित पुस्तके आहेत, सहप्रवाशाच्या गप्पा आहेत. पुस्तक मुक्कामी पोहोचल्यावरही उघडता येते. आजारी पडून वाचलेली चार पाने स्मरणात राहत नाहीत. उरते ती वाचनाविषयीची नावड, आणि मुलांच्या बाबतीत ती फार महाग पडते.