पॅड वाटले, बोलायचे राहून गेले

महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषद शाळांत स्वतंत्र परिचारिका नसते. पाळीविषयी मुलींशी बोलायचे काम आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरकडे किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातील परिचारिकेकडे येते. हे पथक शाळेत वर्षातून एकदा फिरकते आणि त्याच दिवशी दात, डोळे, वजन, उंची सगळे उरकते. २८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन तर उन्हाळी सुट्टीतच येतो! २०१८ च्या अस्मिता योजनेने ८ पॅडचे पाकीट ५ रुपयांत देऊ केले. ते हवेच होते, पण पाकीट शंकांना उत्तर देत नाही.

शंका भर सभागृहात निघत नाहीत. दहा-बारा मुली, बंद दार आणि बिननावाच्या चिठ्ठ्यांचा डबा असला की निघतात. पाळी उशिरा आली, काही बिघडले का? पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होते. २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. मात्र तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल किंवा रक्तस्राव सात दिवसांपुढे जात असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पाळीत हात लावला की लोणचे नासते का, हा प्रश्न हमखास येतो. तिथे तसे मानणाऱ्या आजीला अडाणी ठरवले की मुलगी घरी गप्प बसते. लोणचे नासते ते ओल्या चमच्याने, नाहीतर तेल-मीठ कमी पडल्याने, हे सांगितले तर तिला ते न भांडता घरी बोलता येते.

हे सगळे वर्गाच्या बाईच सांगतील, असे शाळा म्हणतात. पण बाई गुण देतात, पालकसभेत आईला भेटतात. मुलगी हातचे राखूनच बोलते. शिवाय शिक्षकांनाही हे शिकवावे लागते. जुलै २०२५ मध्ये शहापूर तालुक्यातील एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींची कपडे उतरवून तपासणी झाली. तो प्रकार मोठ्यांनी केला होता.

मुलग्यांना पाळीविषयीच्या तासाला मैदानावर पिटाळणे हीसुद्धा चूकच. ज्याच्यापासून लपवले जाते, तोच डाग दिसला की हसतो.

सिस्टरांवर लसीकरणाचा आणि नोंदवह्यांचा भार आहे, हे खरे. म्हणूनच शाळेचा दिवस त्यांच्या मर्जीवर न सोडता दर महिन्याच्या फिरती कार्यक्रमात लिहिला जावा, त्या दिवशीचे दुसरे काम कमी करावे आणि मुलग्यांशी बोलायला आरोग्यसेवकाने सोबत जावे.