जिल्हा धुळे, तालुका धुळे

आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची एक्सएमएल फाइल उघडली की माणसाची जवळजवळ सगळी ओळख अॅट्रिब्यूटांत भरलेली दिसते. एका टॅगमध्ये नाव, जन्मतारीख, लिंग. दुसऱ्यात घर, रस्ता, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. २०१८ साली ही सोय आली तेव्हापासून ही फाइल वाचणारा कोड पतसंस्थेच्या सभासद-नोंदणीलाही लागतो आणि महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जालाही. आपल्यातले बरेच जण तो झटपट लिहितात: फाइल एक लांबलचक स्ट्रिंग म्हणून घ्यायची, अॅट्रिब्यूटचे नाव शोधायचे, पुढच्या दोन अवतरणचिन्हांमधला मजकूर उचलायचा. चार ओळींत काम होते, उत्तरही बरोबर येते. आमचे म्हणणे असे की हे उत्तर योगायोगाने बरोबर येते, आणि असला कोड चालू कामात ठेवू नये.

पुरावा याच फाइलीत आहे. जिल्ह्याचे अॅट्रिब्यूट 'डिस्ट', तालुक्याचे 'सबडिस्ट'. दुसऱ्या नावाच्या पोटातच पहिले आहे. 'डिस्ट' शोधणाऱ्या कोडला जिल्हा मिळतो तो एवढ्याचसाठी की फाइलीत अॅट्रिब्यूट रोमन वर्णक्रमाने येतात आणि 'डी' 'एस'च्या आधी लागते. पण एक्सएमएल १.० च्या शिफारशीत स्पष्ट म्हटले आहे की एका टॅगमधल्या अॅट्रिब्यूटांच्या क्रमाला अर्थ नाही. क्रम बदलला किंवा जिल्हा गाळला गेला, की तालुका गुपचूप जिल्हा होऊन बसतो. आता असा क्रम बदललेल्या फाइलींवर हा कोड देवपुरात तपासून पाहा. देवपूर धुळे शहरातले, म्हणजे तालुका धुळे आणि जिल्हाही धुळे. देवपूरच्या कितीही नोंदी घातल्या तरी चूक दिसणार नाही. शिरपूरची एक नोंद आली की जिल्हा शिरपूर छापून येईल. चाचणीची माहिती ऑफिसच्या आसपासचीच घेण्याची आपली खोड इथे नडते.

यावर हुशार वाचक म्हणेल, नावाआधी एक स्पेस जोडून शोधा, झाले! स्पेसच्या जागी नवी ओळ असली तर? दुहेरीऐवजी एकेरी अवतरणचिन्ह आले तर? तेही एक्सएमएलला चालते. घराच्या पत्त्यात 'अँड'चे चिन्ह असले तर फाइलीत ते अँड, एएमपी, अर्धविराम असे लिहिलेले असते. एक्सएमएल वाचण्यासाठीच बनवलेला पार्सर ते उलगडून देतो, स्ट्रिंग-शोध तसेच्या तसे पोस्टाच्या लेबलावर पाठवतो. एकेक ठिगळ लावत गेलो तर शेवटी हप्त्याहप्त्याने आपणच पार्सर लिहीत असतो, आणि तोही अर्धवट.

पार्सर वापरला म्हणजे डोळे मिटता येतात असे मात्र नाही. अॅट्रिब्यूट रिकामे असणे आणि ते मुळातच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाषा त्या वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात. जावाच्या डॉममध्ये 'गेट-अॅट्रिब्यूट' दोन्ही वेळा रिकामी स्ट्रिंग देते. फरक हवा असेल तर 'हॅज-अॅट्रिब्यूट' विचारावे लागते. पायथनच्या एलिमेंट-ट्रीमध्ये 'गेट'ला अॅट्रिब्यूट सापडले नाही तर 'नन' मिळते, आणि ते न तपासता पत्त्याच्या साच्यात भरले तर जवळच्या खुणेच्या जागी 'नन' हा शब्दच छापला जातो. जिल्हा, पिनकोड अशा सक्तीच्या अॅट्रिब्यूटांसाठी आम्ही थेट 'अॅट्रिब' कोशातून किंमत काढू. ती नसली तर प्रोग्रॅम तिथेच अडेल, आणि चुकीची नोंद होण्यापेक्षा ते परवडले.

पार्सर हळू असतो, हा आक्षेप इथे फारसा टिकत नाही. फाइल एका माणसाची आहे. सुरक्षेचा आक्षेप मात्र खरा. बाहेरच्या एंटिटी उलगडू देणारा पार्सर सर्व्हरवरची भलतीच फाइल वाचून देऊ शकतो. म्हणून ती सोय बंद करावी. पायथनमध्ये 'डिफ्यूज्ड-एक्सएमएल' यासाठीच आहे. शिवाय फाइलीवरची डिजिटल सही आधी पडताळावी, आणि सही ज्या भागावर आहे त्याच भागातून किंमती घ्याव्यात. स्ट्रिंग शोधणाऱ्या कोडला सही कोणत्या भागावर आहे याचा पत्ताच नसतो, त्यामुळे तो जास्त सुरक्षित आहे हा दावा पोकळ ठरतो.

कोणी म्हणेल, आधारच्याच नव्या सुरक्षित क्यूआर कोडने एक्सएमएल सोडून दिले, मग हा खटाटोप कशाला? जुन्या क्यूआरमध्ये नावानिशी अॅट्रिब्यूट होते. नव्यात किंमती एका विभाजक बाइटने तोडून ठरलेल्या क्रमाने येतात. इवल्याशा चौकोनात फोटो आणि सही बसवायची तर काटकसर हवीच. पण पुढच्या आवृत्तीत सुरुवातीला 'व्ही-२' ही खूण आली आणि मागचे रकाने सरकले. पाचव्या जागी अमुकच असणार असे धरून चाललेले कोड त्या दिवशी चुकले. नावाने विचारणाऱ्याला वाढीव अॅट्रिब्यूटाचा त्रास होत नाही.

राहता राहिला देवपूरचाच प्रश्न, तो पार्सर सोडवत नाही. रोमन लिपीत हे नाव कुठे 'देओपूर' असे लिहितात, कुठे 'देवपूर'; पिनकोडही ४२४००२ आणि ४२४००५ असे दोन आढळतात. ही सफाई किंमत काढण्याच्या फंक्शनमध्ये घुसडू नये. फाइलीत होती तशी किंमत एका रकान्यात आणि सुधारलेली शेजारच्या रकान्यात ठेवावी, म्हणजे उद्या सुधारणेचा नियम बदलला तरी सभासदाकडे पुन्हा फाइल मागावी लागणार नाही.