एमिरेट्स गोव्यात का उतरत नाही? सुट्टीच्या विमानांमागचं परवानगीचं गणित

पणजी असो, बेळगाव असो की इंदूर, विमानतळाचा विषय निघाला की नेतेमंडळींचं एक आश्वासन ठरलेलं असतं : 'इथून थेट परदेशी विमान सुरू करू.' टाळ्या पडतात, बातमी होते, पुढच्या निवडणुकीत तेच आश्वासन पुन्हा येतं. दरम्यान टर्मिनलची नवी इमारत उभी राहते, काचा चमकतात, पण दुबई किंवा बँकॉकला जाणारं कुटुंब मुंबईची किंवा बंगळूरची रात्रीची बस धरतं.

दोष दर वेळी विमान कंपनीचा नसतो. अनेकदा कंपनी यायला तयार असते, प्रवासीही असतात आणि धावपट्टीही पुरेशी लांब असते. नसते ती परवानगी. ही परवानगी स्थानिक पातळीवर मिळत नाही, राज्याच्या राजधानीतही मिळत नाही. ती दोन देशांच्या सरकारांमध्ये ठरते, आणि तिथे आपल्या लहान शहरांकडे प्रवाशांची गरज म्हणून कमी आणि वाटाघाटीतलं नाणं म्हणून जास्त पाहिलं जातं.

आकाश मोकळं नसतं

१९४४ च्या शिकागो करारानं एक तत्त्व पक्कं केलं : प्रत्येक देशाची आपल्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा त्या देशाच्या परवानगीशिवाय चालवता येत नाही. त्यामुळे जगभर दोन-दोन देशांमध्ये हवाई सेवेचे करार झाले. कोणत्या देशाच्या कंपन्यांनी आठवड्याला किती उड्डाणं करायची किंवा किती आसनं न्यायची, आणि कोणत्या शहरांत उतरायचं, हे त्यात लिहिलेलं असतं.

उतरण्याच्या या ठिकाणांना हवाई वाहतुकीच्या भाषेत 'पॉइंट ऑफ कॉल' म्हणतात. करारातल्या यादीत शहराचं नाव नसेल तर परदेशी कंपनी तिथे नियमित सेवा देऊ शकत नाही. विमानतळाच्या पाटीवर 'आंतरराष्ट्रीय' लिहिलेलं असलं तरी नाही.

गोव्याचंच पाहा. दुबईच्या हद्दीतल्या कंपन्यांना भारतासाठी आठवड्याला एका बाजूनं सुमारे ६६ हजार आसनांची मर्यादा आहे. ती केव्हाच भरलेली आहे. २०२२ मध्ये दुबईनं आणखी ५० हजार आसनं मागितली आणि सोबत आठ नव्या शहरांची यादी दिली. त्यात अमृतसर, कण्णूर, कोइमतूर, गुवाहाटी यांच्याबरोबर गोवा आणि पुणेही होतं. दिल्लीनं होकार दिला नाही. एमिरेट्सचं विमान गोव्यात दिसत नाही ते यामुळे.

याउलट कतार आणि ओमानशी झालेल्या व्यवस्थेत गोव्याला जागा आहे. म्हणूनच कतार एअरवेज दाबोळीत उतरत होतं. मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाल्यावर आधी ओमान एअर आणि मग जून २०२४ मध्ये कतार एअरवेज तिकडे गेलं. दाबोळी हा नौदलाचा तळ. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात. मोपाला हे बंधन नाही. कंपन्यांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. पण दक्षिण गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांना आणि हॉटेलवाल्यांना एक गोष्ट तेव्हा कळली : गोव्याच्या वाट्याची परदेशी विमानं मोजकीच आहेत. ती वाढली नाहीत, फक्त एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकली. उत्तर आणि दक्षिण गोव्याचा वाद त्यामुळे एकाच भाकरीच्या दोन तुकड्यांसाठी चालतो. भाकरी मोठी का होत नाही, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

भारतीय कंपनीसाठी दुसरं दार

भारतीय कंपन्यांची गोष्ट वेगळी. त्यांना भारतातल्या कुठल्याही योग्य विमानतळावरून परदेशी जाता येतं. मात्र तिथे कस्टम्स आणि इमिग्रेशनची सोय हवी. विमानतळ 'सीमाशुल्क विमानतळ' म्हणून अधिसूचित व्हावा लागतो, पासपोर्ट तपासणीचं ठाणं गृह खात्यानं मान्य करावं लागतं. त्यानंतर कंपनी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे त्या देशासाठीच्या आसनांचा हक्क मागते, डीजीसीएकडून वेळापत्रक मंजूर करून घेते आणि पलीकडच्या विमानतळावर उतरण्याची वेळ मिळवते. यातली एक कडी तुटली तरी मार्ग कागदावरच राहतो.

पूर्वी ही वाट याहून अरुंद होती. २००४ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परदेशी उड्डाणाची मुभा मिळाली, पण देशात पाच वर्षं सेवा आणि ताफ्यात २० विमानं ही अट होती. २०१६ च्या धोरणानं पाच वर्षांची अट काढली. ताफ्याची अट राहिली.

या दारातून इंदूरला फायदा झाला. १५ जुलै २०१९ ला देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून एअर इंडियाचं दुबईचं विमान उडालं. कोविडमध्ये ते थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि पुढे सेवा शारजाकडे वळली. माळव्यातल्या प्रवाशांना मुंबई-दिल्लीचा फेरा चुकला. पण यातली मेख अशी की शहराचं सगळं भवितव्य एखाद्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहतं. तिनं विमान दुसरीकडे लावलं की शहर पुन्हा नकाशाबाहेर.

केरळच्या कण्णूरनं हे पुरतं भोगलं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे मोठा नवा विमानतळ सुरू झाला. आखातात नोकरी करणारी माणसं गावोगावी. प्रवाशांची वानवा नाही. पण कण्णूरला 'पॉइंट ऑफ कॉल'चा दर्जा मिळाला नाही, म्हणून परदेशी कंपन्यांना दार बंद. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली आणि कण्णूरच्या परदेशी सेवेचा मोठा आधार एका झटक्यात गेला. पर्यायी कंपनी आणायची तर नियम आडवा. वडोदऱ्यात ऑक्टोबर २०१६ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, तेव्हाही परदेशी विमानांच्या आशा जाग्या झाल्या होत्या. इमारत बांधणं हा या कामातला सोपा भाग आहे, हे या शहरांकडे पाहून कळतं.

दिल्ली हात आखडता का घेते?

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. दुबई किंवा दोहाला जाणाऱ्या विमानातले बरेच प्रवासी तिथे थांबत नाहीत. ते पुढे लंडन, न्यूयॉर्क, टोरांटो गाठतात. भारतातल्या प्रवाशांवर परदेशातला तळ मोठा होतो आणि आपल्या कंपन्यांची लांब पल्ल्याची विमानं रिकामी राहतात, अशी तक्रार आहे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिनं ४७० विमानांची आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमानं येईपर्यंत परदेशी कंपन्यांना जास्त आसनं देऊ नयेत, हा युक्तिवाद निराधार नाही. पर्यटनाच्या नावाखाली दार सताड उघडलं तर उद्या आपल्या शहरांतून थेट लंडनला जाणारं भारतीय विमान मिळणार नाही, हेही खरं.

पण या युक्तिवादाची किंमत कोण देतं? मुंबई-दिल्लीच्या प्रवाशापुढे डझनभर पर्याय असतात. किंमत देतो तो लहान शहराचा प्रवासी. आसनं कमी आणि मागणी जास्त, म्हणून दिवाळीत, मे महिन्यात, नाताळात भाडं चढतं. वर मुंबईपर्यंतचा प्रवास आणि मुक्कामाचा खर्च. शिवाय भारतीय कंपनीला संरक्षण दिलं म्हणून ती गोव्याहून किंवा कण्णूरहून उडेलच, असं बंधन कुठेच नाही. गोव्याहून लंडनच्या गॅटविकला जाणारी एअर इंडियाची सेवा जून २०२५ मध्ये कंपनीनं उड्डाणं कमी केली तेव्हा थांबवण्यात आली. गोव्याचे कितीतरी लोक ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. त्यांच्यासाठी ते सुट्टीचं विमान नव्हतं, घरी येण्याचं विमान होतं. संरक्षण कंपनीला मिळालं, सेवेची हमी प्रवाशाला मिळाली नाही.

दिल्लीची भूमिका बदलत नाही असंही नाही. जुलै २०२५ मध्ये कुवेतबरोबरची आसनमर्यादा आठवड्याला १२ हजारांवरून १८ हजार झाली. आधीची वाढ २००७ सालची होती. कुवेतमध्ये गोवेकरांच्या पिढ्या राबल्या. त्यांना सहा हजार आसनांसाठी १८ वर्षं थांबावं लागलं.

चार्टरचा धडा

या सगळ्या चौकटीला वळसा घालणारी एक वाट गोव्यानं पूर्वीच वापरली : चार्टर. पर्यटन कंपनी अख्खं विमान भाड्यानं घेते. तिकीट, हॉटेल, टॅक्सी एकाच पॅकेजमध्ये विकते. अशा अनियमित उड्डाणांना करारातल्या आसनांच्या वाट्यात जागा शोधावी लागत नाही. डीजीसीएची हंगामापुरती मंजुरी पुरते. १९८० च्या दशकात जर्मनीहून आलेल्या विमानांनी सुरुवात झाली, पुढे ब्रिटिश आणि रशियन पर्यटक आले. कांदोळी, कळंगुट, बागा या पट्ट्याची अर्थव्यवस्था ऑक्टोबर ते एप्रिलच्या या विमानांवर उभी राहिली.

परवानगी सोपी, तशीच माघारही सोपी. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कुक बुडाली आणि हंगाम तोंडावर असताना गोव्यातल्या हॉटेलांची आरक्षणं गेली. २०२२ मध्ये विमानं होती, पर्यटकही होते, पण ब्रिटिश नागरिकांना ई-व्हिसा मिळत नव्हता. ती सोय डिसेंबरमध्ये परत आली तोवर अर्धा हंगाम हातचा गेला होता. म्हणजे विमानाची परवानगी मिळाली तरी व्हिसाचं खातं वेगळं, आणि दोन्ही दिल्लीत असूनही त्यांचा मेळ बसेलच असं नाही.

आता प्रवाहही उलटा फिरला आहे. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियानं डिसेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला. हैदराबाद, इंदूर, पुण्याची मध्यमवर्गीय कुटुंबं फुकेत आणि क्वालालंपूरला निघाली. कंपन्या सुट्टीचे नवे मार्ग मागतात ते मुख्यतः या प्रवाशासाठी. यात गैर काही नाही. पण राज्य सरकार 'पर्यटन वाढेल' म्हणून मार्गाला पैसा देणार असेल, तर पर्यटक येणार की जाणार, हे आधी विचारायला हवं. आंध्र सरकारच्या आर्थिक मदतीवर डिसेंबर २०१८ मध्ये विजयवाडा-सिंगापूर सेवा सुरू झाली. सरकार बदललं, मदत थांबली आणि पुढच्याच वर्षी विमानही थांबलं.

सीमाभागाचा प्रवासी कुणाचा?

या गणितात बेळगाव कुठे बसतं? सांबऱ्याचा विमानतळ जुना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे नवं टर्मिनल झालं, 'उडान' योजनेतून देशांतर्गत मार्ग मिळाले, मोठी विमानंही उतरली. परदेशी प्रवाशांसाठी कस्टम्स-इमिग्रेशनची सोय मात्र नाही. त्यामुळे इथल्या माणसासाठी तीन वाटा : बंगळूर, मुंबई किंवा घाट उतरून गोवा.

यातली गोव्याची वाट सर्वांत जवळची. जांबोटी-चोर्ला मार्गे साखळी, डिचोली करत किंवा शिनोळी-आंबोली मार्गे सावंतवाडी, बांदा करत मोपा गाठता येतो. मोपा हा खऱ्या अर्थानं एकट्या गोव्याचा विमानतळ नाहीच. सावंतवाडी-दोडामार्गचा प्रवासी त्याचा, चंदगड-आजऱ्याचा त्याचा, बेळगाव-खानापूरचाही त्याचा. पण दिल्लीत मागणी जाते ती राज्याच्या नावानं. गोवा आपले पर्यटक मोजतो. कर्नाटकाची नजर बंगळूरवर. महाराष्ट्र कोल्हापूर आणि सिंधुदुर्गाच्या विमानतळांसाठी झगडतो. मोपाहून परदेशी जाणारा बेळगावचा माणूस कुठल्याच राज्याच्या अर्जात नसतो.

म्हणून 'बेळगाव आंतरराष्ट्रीय करा' या घोषणेपेक्षा जास्त उपयोगाच्या तीन मागण्या आहेत. पहिली, पुढच्या प्रत्येक हवाई वाटाघाटीत मोठ्या महानगरांची आसनं हवी तर रोखा, पण गोव्यासारखी ठिकाणं वेगळी काढा. हे अशक्य नाही : आग्नेय आशियातल्या आसियान देशांच्या कंपन्यांना भारतानं महानगरांबाहेरची १८ पर्यटनस्थळं पूर्वीच मोकळी केली आहेत, आणि त्यात गोवा व औरंगाबादही आहेत. दुसरी, मोपाच्या मागणीत सीमेपलीकडचे प्रवासी मोजा. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी एकत्र अर्ज केला तर त्याचं वजन वेगळं पडेल. तिसरी आणि सर्वांत स्वस्त : विमानांच्या वेळा धरून बेळगाव, चंदगड, सावंतवाडीहून मोपाला थेट बस द्या आणि चोर्ल्याचा रस्ता पावसाळ्यातही चालता ठेवा. त्यासाठी कुठल्याही परदेशी सरकारची संमती लागत नाही.

पहिल्या मागणीचा निकाल दिल्लीत लागेल, आणि त्याला वर्षं जातील. तिसरीचा निकाल कदंब, वायव्य कर्नाटक परिवहन आणि एसटी या तीन महामंडळांनी एकत्र बसून लावायचा आहे. पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून परदेशी विमानाचं आश्वासन दिलं, तर त्याला आधी या बसबद्दल विचारावं.