वयाच्या नावावर खपवलेला आजार

"वय झालं की हे असं व्हायचंच." घरातलं वडीलधारं माणूस तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारू लागलं, किंवा रोजच्या वाटेवरून भलत्याच गल्लीत वळलं, की कुणीतरी हे वाक्य म्हणतंच. कुणी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी नेतं, बाकीचे माना डोलावतात आणि विषय तिथेच मिटतो. या बोलण्यात माया असते, हे मला मान्य आहे. पण मायेपोटी बोललेलं सगळं खरं नसतं. उतारवयातल्या स्मृतिभ्रंशाचा मोठा हिस्सा मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे येतो. तो बिघाड चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो, मोजता येतो आणि बऱ्याच अंशी आवरता येतो. 'वय झालं' या दोन शब्दांनी आपण तो आवरण्याची संधी घालवतो, असा माझा आक्षेप आहे.

पूर्वपक्ष मांडायचा तर त्याचं पारडं जड करूनच मांडावा. वयाबरोबर स्मृतिभ्रंश वाढतो, हे कोण नाकारेल? आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरांतल्या सातांहून अधिक जणांना तो आहे; एकूण आकडा ८८ लाखांच्या घरात जातो. सत्तरीपेक्षा ऐंशीत प्रमाण कितीतरी जास्त. मग वयालाच कारण म्हणायला हरकत काय?

हरकत आहे ती फ्रेमिंगहॅमची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या या गावात १९४८ पासून रहिवाशांच्या हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली जाते. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगाला नीट कळला तो मुख्यतः या वहीतून. याच वहीतून २०१६ साली साठीपुढच्या पाच हजारांवर लोकांचा हिशेब मांडला गेला. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या तीन दशकांत स्मृतिभ्रंशाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण दर दशकाला साधारण २० टक्क्यांनी उतरत गेलं होतं. माणसं त्याच वयाची, गाव तेच, आणि आजार कमी. रक्तवाहिन्यांशी निगडित स्मृतिभ्रंशात ही घट अधिक ठळक होती. घटीची सगळी कारणं उलगडलेली नाहीत, हे अभ्यासकांनीच सांगितलं आहे, आणि ही घट फक्त निदान शाळा पूर्ण केलेल्यांतच दिसली, हेही लपवण्यासारखं नाही. तरीही वयाचा दावा इथे कोसळतोच. पंच्याहत्तरीचं माणूस १९८० साली जितकं पंच्याहत्तरीचं होतं तितकंच २००५ सालीही होतं. वय म्हणजे रक्तदाबाला, साखरेला आणि तंबाखूला आपलं काम करायला मिळालेली वर्षं. वर्षं तेवढीच राहिली तरी काम थांबवता येतं.

शिकल्या-सवरलेल्या घरांत हेच वाक्य एमआरआयच्या रिपोर्टातून येतं. खालच्या ओळीत 'एज रिलेटेड इस्केमिक चेंजेस' असं छापलेलं असतं. मुलगा ते वाचतो, 'वयोमानानुसार आहे' म्हणून आईला धीर देतो आणि पाकीट कपाटात जातं. वास्तविक त्या ओळीतला महत्त्वाचा शब्द 'एज' नव्हे, 'इस्केमिक' आहे: तिथे रक्त पुरेसं पोचलेलं नाही. शरीराच्या वजनाच्या अवघ्या दोन टक्के असलेला मेंदू हृदयाने ढकललेल्या रक्तातला सुमारे पाचवा वाटा घेतो. त्याच्या गाभ्यात रक्त नेणाऱ्या केसासारख्या धमन्या मोठ्या धमनीतून जवळजवळ काटकोनात फुटतात. रस्त्याखालच्या मोठ्या जलवाहिनीला मधली टाकी न ठेवता थेट बारीक नळी जोडावी, तशी त्यांची गत. मुख्य वाहिनीतला दाब वाढला की तो त्यांच्या भिंतींवर थेट आदळतो. वर्षानुवर्षं असं झालं की भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते आणि एखाद्या दिवशी एखादी नळी बंद पडते. मग मेंदूचा ज्वारीच्या दाण्याएवढा, फार तर वाटाण्याएवढा भाग मरतो. तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही, कुणाला पत्ताही लागत नाही. वरवर धडधाकट असलेल्या वृद्धांपैकी पाचातल्या एकाच्या मेंदूत असे मूक झटके सापडतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात (२००३) असे डाग असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. 'वयोमानानुसार' म्हणून पाकीट बंद करायचं ते यावर.

आता दुसरा, अधिक विद्वान दिसणारा पक्ष: "हा अल्झायमर आहे. मेंदूत प्रथिनांचा गाळ साचतो. त्याला बीपीची गोळी काय करणार?"

गाळ खराच आहे. १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी ज्या रुग्णेच्या मेंदूबद्दल पहिल्यांदा सांगितलं, तिच्या मेंदूत तो होताच. पण त्याच टिपणात मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्याचीही नोंद आहे. पुढच्यांनी ती सोयीस्करपणे मागे टाकली. त्याआधी, १८९४ साली, ओटो बिन्सवांगर यांनी रक्तवाहिन्यांच्या दुखण्याने मेंदूचा पांढरा भाग झिजून बुद्धी ढासळते, असं लिहून ठेवलं होतं. नंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टर म्हातारपणचा सगळा विसर 'मेंदूच्या शिरा कडक झाल्या' म्हणून निकालात काढत आणि शिरा रुंदावणारी औषधं देत. ती चूक आमच्या बाजूची, आणि ती मान्य केल्याशिवाय या वादात बोलण्याचा अधिकार पोचत नाही. १९७४ साली व्लादिमीर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दुरुस्त केली: मेंदू रक्तावाचून हळूहळू उपाशी मरतो असं नाही, लहानमोठ्या झटक्यांनी तो तुकड्यातुकड्याने जातो.

गाळ आणि झटके यांचं नातं मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते अमेरिकेतल्या जोगिणींच्या अभ्यासात. 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या संघाच्या ६७८ वृद्ध जोगिणींनी दर वर्षी बुद्धीच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर मेंदूही दान केला. राहणी एक, जेवण एक, व्यसन नाही. तुलना करायला याहून चांगला गट मिळणं कठीण. १९९७ साली डेव्हिड स्नोडन यांनी त्यांतल्या १०२ जणींचे निष्कर्ष मांडले. ज्यांच्या मेंदूत अल्झायमरचा गाळ होता आणि शिवाय गाभ्यात एकदोन बारीक झटक्यांच्या खुणाही होत्या, त्यांच्यात स्मृतिभ्रंश असण्याची शक्यता नुसता गाळ असलेल्यांच्या सुमारे २० पट होती. गाळ नसलेल्यांत मात्र झटक्यांचा स्मृतिभ्रंशाशी संबंध क्षीण होता. म्हणजे कित्येकींच्या मेंदूत गाळ साचूनही कारभार चालू होता. तो बंद पडला तो झटक्यांची भर पडल्यावर. 'अल्झायमर आहे, मग बीपीने काय होणार' याचं उत्तर इथे मिळतं: गाळ आज आपल्या हातात फारसा नाही, पण ती भर रोखणं आपल्या हातात आहे.

रक्तवाहिन्यांचा स्मृतिभ्रंश घरच्यांना ओळखू येत नाही, कारण तो नेहमी विसरण्यापासून सुरू होत नाही. माझ्या ओळखीतल्या एका काकूंना नातवंडांचे वाढदिवस, भिशीतल्या बायकांची नावं, १९७२च्या दुष्काळातल्या सुकडीची चव, सगळं आठवायचं. बिघडली ती पुरणपोळी. डाळ शिजते तोवर कणीक तिंबून ठेवायची, पुरण आटवताना वेलची कुटायची, तवा तापत टाकून पहिला उंडा घ्यायचा, ही चाळीस वर्षांची लय सुटली. पुरण वाटून तयार आणि कणीक भिजवलेलीच नाही. एकदा तवा लाल झाला आणि काकू पिठाचा डबा हातात धरून ओट्याशी नुसत्या उभ्या. पाय जमिनीला घासत चालणं, लघवीची घाई, जरा कशाने डोळ्यांत पाणी येणं, हे सगळं वर्षभर आधीपासून सुरू होतं. "आत्या, स्मरणशक्ती तर ठणठणीत आहे तुमची," असं भाचा कौतुकाने म्हणायचा. कामांचा क्रम लावणं, एकातून निघून दुसऱ्यात शिरणं, विचारांचा वेग, ही मेंदूच्या गाभ्यातल्या तारांची कामं, आणि बारीक धमन्या बंद पडल्या की आधी त्याच तारा तुटतात. ही घसरण पायऱ्यापायऱ्यांनीही होते: चार महिने सगळं स्थिर, मग एका आठवड्यात एक पायरी खाली. घरचे म्हणतात, गेल्या गणपतीपर्यंत बरी होती. त्या गणपतीत काय झालं, हे कुणी विचारत नाही.

तिसरा पक्ष चहाच्या टपरीवर भेटतो. "वय अधिक शंभर, एवढं बीपी चालतं." "मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला? एकदा लागली की जन्माची लागते." सत्तरीला १७० चालतो, या हिशेबाला आज काडीचाही आधार नाही. त्रास नसणं हाच तर या दुखण्याचा कावा आहे. आणि जन्माची लागते ती गोळी नव्हे, रक्तदाब. गोळी बंद केल्याने तो जात नाही, फक्त दिसेनासा होतो. ऐंशीच्या पुढच्यांवर झालेल्या 'हायवेट' चाचणीत (२००८) औषध घेणाऱ्यांतले मृत्यू सुमारे एक पंचमांशाने घटले. तेव्हा 'या वयात आता काय' हेही फोल.

पण स्मृतिभ्रंशाचं काय? इथे माझ्याच बाजूच्या उत्साही मंडळींना आवरायला हवं. 'हायवेट'मध्ये स्मृतिभ्रंशात ठोस फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या ९,३६१ जणांवरच्या 'स्प्रिंट माइंड'मध्ये (२०१९) वरचा दाब १२०च्या खाली आणलेल्यांत सौम्य बौद्धिक घसरण १९ टक्क्यांनी कमी झाली. पूर्ण स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक योगायोग नाही असं म्हणण्याइतका पक्का नव्हता. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, हे त्याचं एक कारण. टीकाकार या दोन नावांवर थांबतात. त्यांनी चीनच्या खेड्यांपर्यंत यावं. तिथे ३२६ गावांतल्या ३३,९९५ जणांवर चाचणी झाली. निम्म्या गावांत गावच्याच, एमबीबीएस नसलेल्या डॉक्टरांनी रक्तदाब १३०/८०च्या खाली आणण्याचं काम अंगावर घेतलं. चार वर्षांनी त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्के कमी निघाला. २०२५ साली हे प्रसिद्ध झालं. मोठं हॉस्पिटल नाही, परदेशी इंजेक्शन नाही. स्वस्त गोळ्या आणि दाराशी येणारा माणूस.

आणि हे लवकर व्हायला हवं. लंडनच्या सरकारी नोकरांच्या दीर्घ अभ्यासात पन्नाशीला वरचा दाब १३० किंवा अधिक असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश जास्त झाला. साठीत किंवा सत्तरीत मोजलेल्या दाबाशी तसं नातं दिसलं नाही. स्मृतिभ्रंश दिसू लागण्याच्या आधीची काही वर्षं दाब आपसूक उतरू लागतो. म्हणूनच 'आमच्या अण्णांचं बीपी तर कमीच होतं' हा दाखला लंगडा ठरतो. थकलेल्या, उठताना भोवळ येणाऱ्या म्हाताऱ्याला मात्र आकड्याच्या हट्टापायी गोळ्यांनी पाडू नये. त्याचा दाब उभं करूनही मोजावा.

मोजण्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या आरोग्य शिबिरांत काय चालतं ते पाहा. आजोबा जिना चढून, चहा पिऊन, तंबाखूचा बार भरून रांगेत उभे. पट्टा स्वेटरच्या बाहीवरून, हात अधांतरी, वर मुलगी विचारतेय, "आजोबा, जेवलात का?" आलेला आकडा कार्डावर, आणि त्यावर एक तर घबराट नाही तर निर्धास्तपणा. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवणं, उघड्या दंडावर पट्टा, हात छातीच्या उंचीवर टेकलेला, अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नाही, आणि दोनदा मोजणं, याला पैसा लागत नाही.

या साध्या कामाची जागा बाजाराने भलत्याच गोष्टींनी भरली आहे. स्मरणशक्तीच्या बाटल्यांत ज्याचा फार गाजावाजा होतो तो गिंको अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांना काही वर्षं देऊन पाहिला. २००८ साली निकाल लागला, स्मृतिभ्रंशावर परिणाम शून्य. शेजाऱ्याच्या सल्ल्याने सुरू केलेली 'रक्त पातळ करायची गोळी' त्याहून वाईट: १९,११४ निरोगी वृद्धांवरच्या 'अ‍ॅस्प्री' चाचणीत (२०१८) अ‍ॅस्पिरिनने स्मृतिभ्रंश टळला नाही, रक्तस्राव मात्र वाढले. ज्यांना झटका येऊन गेलाय त्यांची गोष्ट वेगळी, आणि ती डॉक्टरने ठरवायची. शब्दकोडी जरूर सोडवावीत, फक्त लोणचं-पापड आणि सकाळची मिश्री चालू ठेवून कोड्यांवर भिस्त ठेवू नये.

मोठा झटका आला की घर एका सुरात धावपळ करतं. हात हलतोय का, पाय उचलतोय का, बोलता येतंय का. फिजिओथेरपीवाला रोज येतो. बुद्धीचं कुणी विचारत नाही. पहिल्या झटक्यानंतर लवकरच दहातल्या एकाला नव्याने स्मृतिभ्रंश होतो, आणि पुन्हा झटका आला तर तिघांतल्या एकाहून अधिकांना, हे २००९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अनेक अभ्यासांची मोट बांधून दाखवलं. म्हणजे स्मृतिभ्रंश टाळायचा तर दुसरा झटका टाळायचा. तीन महिन्यांनी रुग्णाला कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं तर दोन मिनिटांत बरंच कळतं. डिस्चार्जच्या कागदावर ही तपासणी मी आजवर लिहिलेली पाहिली नाही.

आपल्याकडे व्यवस्था नाही असं नाही. राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्याचा कणाच हा होता: ठरलेली मोजकी औषधं, घराजवळच्या केंद्रावर, एकदम महिनाभराची. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी म्हातारीच्या हातावर दहा दिवसांच्या गोळ्या टेकवतात आणि तिचे तेवढेच पैसे एसटीला जातात. तिसऱ्या खेपेला ती येत नाही, आणि वहीत 'रुग्ण अनियमित' अशी नोंद होते. ग्रामसभेत सभामंडपाचा ठराव येतो, गटाराचा येतो. उपकेंद्रात महिन्याच्या गोळ्या महिन्याला मिळाल्याच पाहिजेत, असा ठराव कुणीतरी एकदा मांडावा.