काचेतला मामा तलाव

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते, तेव्हा हातभर लांबीची लेन्स नसलेली गाडी शोधावी लागते. 1955 साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प झाला आणि चंद्रपूरकरांच्या गळ्यात कॅमेरा आला तो आलाच. मात्र हीच मंडळी घरी परतल्यावर दिवाणखान्यातल्या फिश टँककडे ढुंकूनही पाहत नाहीत. पाहण्यासारखे असते तरी काय त्यात? निळे खडे, झाकण उघडून बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची पेटी, दोन गोल्डफिश आणि भरभराट व्हावी म्हणून आणलेला एखादा फ्लॉवरहॉर्न.

ज्यांची हौस यापुढे जाते त्यांना समुद्र खुणावतो. चंद्रपुरात खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे मात्र हौस कमी, हट्ट जास्त. लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार लागतात. म्हणजे 200 लिटरच्या टाकीला सात किलो, तेही समुद्री क्षारांचे खास मिश्रण. मीठ एक वेळ परवडेल, उन्हाळा परवडत नाही. प्रवाळांना 24 ते 27 अंशांचे पाणी मानवते आणि इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. चिलर रात्रंदिवस चालवायचा आणि दुपारी वीज गेली की देवाचा धावा करायचा! शिवाय कायदा आहेच. प्रवाळ खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर वाघाच्याच पंक्तीला. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणतो. चालत नाही.

आपल्या भागात मासे पाळण्याची आणि टिपण्याची खरी मजा गोड्या पाण्यात आहे, आणि तीही इथल्याच माशांत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांत आणि गावोगावच्या बोड्यांत, म्हणजे छोट्या तळ्यांत, जे छोटे मासे असतात, ते बाजारात पसाभर ‘बारीक मासळी’ म्हणून विकले जातात. त्याच ढिगात टिक्टो असतो: बोटाएवढा, अंगावर दोन काळे ठिपके, विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर लाली. रासबोरा असतो, बाजूने काळी रेघ ओढलेला. आणि काचमासा असतो, ज्याच्या अंगातून पाठीचे मणके मोजता येतात. या काचमाशाच्या शरीरात सुईने रंग टोचून तो ‘रंगीत’ म्हणून विकण्याचा धंदा नव्वदच्या दशकात जगभर फोफावला होता. काही महिन्यांत रंग उडे, मासा त्याआधीच आजारी पडे. पारदर्शक असणे हे ज्याचे सगळे सौंदर्य, त्यालाच रंगवायचे!

या माशांना चंद्रपूरचा उन्हाळा ठाऊक असतो, पण टाकी म्हणजे तलाव नव्हे. खाली थंड गाळ नाही, काठाला झाडाची सावली नाही. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 35 अंशांना तो सातच्याही खाली येतो. म्हणून मासे दुपारी पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात आणि घरचे म्हणतात, भूक लागली. मग खाणे टाकले जाते, ते सडते आणि उरलासुरला प्राणवायूही जातो. उपाय विदर्भाच्या प्रत्येक घराला माहीत आहे, तो कूलरचाच. टाकीच्या पाण्यावर छोटा पंखा सोडला की कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी दोन-चार अंशांनी उतरते. पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात. त्यामुळे रोजची भर बोअरच्या जड पाण्याने घालू नये. मरळीच्या कुळातला छोटा ढोक तर हवेतूनही श्वास घेतो. त्याला फक्त घट्ट झाकण हवे, कारण तो उडी मारतो. याच ढोकाचा नर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो. जिप्सीत बसून असे दृश्य मिळायचे नाही.

हे टिपायला महागडी लेन्स लागत नाही. खोलीतले दिवे घालवावेत, काच आतून-बाहेरून पुसावी, लेन्सचे रबरी हूड काचेला टेकवावे म्हणजे स्वतःचाच चेहरा फोटोत येत नाही. फ्लॅश समोरून मारू नये, तो वरून किंवा बाजूने यावा. काचमाशामागे काळा कागद लावला आणि प्रकाश थोडा मागून दिला की काटान्काटा उजळतो. जपानच्या ताकाशी अमानो यांनी टाकीतल्या वनस्पतींची मांडणी आणि तिचे छायाचित्र या दोन्ही गोष्टींना एकाच कलेचा दर्जा दिला. 2015 मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी 40 मीटर लांबीची टाकी सजवली, तेच त्यांचे अखेरचे मोठे काम. अशा टाक्यांत लावली जाणारी व्हॅलिसनेरियाची पातळ पाती आपल्या तलावांतही उगवतात. भंडाऱ्याचे मनीष राजनकर आणि त्यांची फीड ही संस्था मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजासोबत तलावांत अशाच स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावत आली आहे, कारण मासे अंडी घालतात आणि पिल्ले लपतात ती त्यांच्याच आडोशाला.

मासे आणायचे तर तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थेला विचारून, रीतसर पैसे देऊन आणावेत. अभयारण्याच्या हद्दीतले पाणी तर वर्ज्यच. कोणता मासा कोणत्या महिन्यात कुठे सापडतो हे ढिवरांइतके पुस्तकांनाही ठाऊक नसते, तेव्हा तासभर त्यांच्याजवळ बसावे.

आणि एक विनंती. टाकीत मावेनासा झालेला सकर मासा ‘पुण्य’ म्हणून तलावात सोडू नका. अंगावर चिलखत असलेला हा दक्षिण अमेरिकेचा पाहुणा उजनी धरणात आणि आंध्र-तेलंगणच्या पाण्यात पोहोचला असून मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. आपल्या वर्धा आणि वैनगंगेचे पाणीही प्राणहितेतून तिकडच्याच गोदावरीला मिळते, तेव्हा इथे सोडलेला मासा इथेच राहील असे नाही. नको असलेला मासा दुकानदाराला परत करा, तो घेत नसेल तर दुसऱ्या हौशी माणसाला द्या. रामाळा तलाव, इरई धरण किंवा गावची बोडी ही त्याची जागा नाही.