व्याख्येच्या चाळणीतून

गेल्या महिन्यात कचरा वर्गीकरणाच्या शेडवर आमची बैठक होती. उन्हात वाळलेली एक कॅरीबॅग उचलताच तिचा चुरा झाला. एका मावशींनी विचारलं, "ताई, ह्याला आता काय म्हणायचं?"

उत्तरासाठी नियम उघडले. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतील मार्च २०२४ च्या दुरुस्तीनुसार मायक्रोप्लास्टिक म्हणजे पाण्यात न विरघळणारा, १ ते १००० मायक्रॉन आकाराचा प्लास्टिकचा घन कण. १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. वस्तूंमध्ये मुद्दाम घातलेल्या कणांसाठी युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमात वरची मर्यादा ५ मिलिमीटर आहे. म्हणजे तीन मिलिमीटरचा कण तिथे मायक्रोप्लास्टिक, इथे नाही!

तो निदान दिसतो तरी. मला काळजी वाटते ती खालच्या टोकाची. १ मायक्रॉनहून बारीक कणांना बरेच शास्त्रज्ञ नॅनोप्लास्टिक म्हणतात. आपल्या व्याख्येत त्यांना जागाच नाही. 'जैवविघटनशील' ठरायला प्लास्टिकने मागे मायक्रोप्लास्टिक, दिसणारा किंवा विषारी अवशेष ठेवता कामा नये. नॅनोकण मायक्रो नाही, दिसतही नाही. मग तो विषारी आहे हे सिद्ध करणं उरलं. ते कोण करणार? शेडवरच्या मावशी?

'इतकं बारीक मोजता येत नाही' हे बरंचसं खरं आहे. पण युरोपच्या व्याख्येला खालची मर्यादा नाही. मोजणं जमत नसेल तिथेच ०.१ मायक्रॉनपासून पुढचे कण धरायचे, अशी सोय आहे. अपुरं पडतं ते यंत्र, हे तिथे मान्य केलंय.

मैत्रिणींनो, व्याख्येचं राजकारण आपल्याला नवं नाही. अंगावर वळ दिसला तरच मार, असं ऐकतच आपण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यापर्यंत आलो. त्यात शाब्दिक, भावनिक, आर्थिक छळ स्पष्ट शब्दांत आला, म्हणून तक्रारीत लिहिता येऊ लागला.

इटलीतल्या संशोधकांनी सहा बाळंतिणींच्या वारा तपासल्या, चारांत मायक्रोप्लास्टिक सापडलं, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. परिणाम अजून पुरते उलगडलेले नाहीत. म्हणूनच मोजायला लागायला हवं, आणि नियमात नाव नसलेली गोष्ट कुणी मोजत नाही.

तेव्हा आपल्या गटांनी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला लिहावं: व्याख्येची खालची मर्यादा काढा, आणि वर्गीकरण शेडवरच्या धुळीची तपासणी सुरू करा. पहिली सही मावशींची घेतली आहे.